शनिवार-रविवारचे रान

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा म्हटला की ऊस, साखर कारखाने आणि दक्षिणेकडचे कोरडे माळ डोळ्यांपुढे येतात. नगर शहरात वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी वर्ष बरे गेले असे म्हणतात. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीच्या अंगाला, पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. सह्याद्रीची मुख्य धार इथून जाते. समुद्रावरून आलेले ढग कोकणातून उभे चढतात, कड्यावर रिते होतात आणि पूर्वेकडे सरकतील तसे कोरडे पडत जातात. या पावसावर वाढलेले रान म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. ते 1986 साली घोषित झाले.

अभयारण्याच्या उत्तरेला कळसूबाई आहे. 1646 मीटर उंचीचे हे राज्यातले सर्वांत उंच शिखर, पायथ्याचे गाव बारी. दक्षिणेला 1424 मीटरचा हरिश्चंद्रगड. मधल्या पट्ट्यात रतनगड आणि अलंग, मदन, कुलंग हे किल्ले येतात. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते आणि शेंडी गावाजवळ तिला भंडारदऱ्याचे धरण आडवे येते. या धरणाचे काम 1910 साली सुरू झाले आणि 1926 साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणून धरणाला विल्सन यांचे नाव पडले. जलाशयाला वडाच्या पारंब्यांसारखे गावांचे फाटे फुटले आहेत. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल अशी गावे घेत एक रस्ता पाण्याला वळसा घालतो. पर्यटकांची बहुतेक वर्दळ याच रस्त्यावर असते. दऱ्याखोऱ्यांत हिरडा, जांभूळ, आंबा, उंबर आणि अंजनी दाटीने उभे आहेत, उतारांवर कारवी आहे. बिबट्या, तरस, भेकर यांचा वावर आहे, आणि उंच झाडांच्या शेंड्यांवर शेकरूची गोल घरटी दिसतात. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहे.

मुंबई आणि पुणे इथून साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर, नाशिक सत्तरच्या आसपास. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबईकडचे अंतर वेळेच्या हिशेबाने आणखी कमी झाले. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघालेला माणूस जेवायच्या वेळेला घोटीमार्गे शेंडीत पोचतो.

अशा रानात लोकांनी यावे की नाही, यावरचा वाद इथे दोन पात्रांच्या तोंडी मांडला आहे. दोघेही कल्पित आहेत, दोघेही याच मातीतले. एक शेंडीचा तरुण. तंबू लावतो, जेवण पुरवतो, सुट्टीच्या दिवशी वाटाड्या म्हणून गडावर जातो. दुसरे राजूरच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. झाडाझुडपांची त्यांना उत्तम जाण आहे. शहरी निसर्गप्रेमी विरुद्ध गावकरी अशी वादाची नेहमीची मांडणी इथे मुद्दाम टाळली आहे. ती सोपी आहे आणि बरीचशी खोटी आहे. खरा मतभेद गावातल्या गावातच आहे.

तरुण: गुरुजी, आधी माझं ऐका. भात काढून झाला की आमच्या गावातली माणसं कुठं जायची? नारायणगावला मजूर अड्ड्यावर. सकाळी उभं राहायचं, कुणी टोमॅटो तोडायला नेईल म्हणून. आता माझ्या घरातलं कुणी जात नाही. आई पाहुण्यांना भाकरी करून घालते, मी तंबू लावतो. हे वाईट कसं?

गुरुजी: वाईट कोण म्हणतंय? पण बोलायचं तर पुरतं बोल. तुझे तंबू किती, आणि त्या शेजारच्या मोठ्या कॅम्पवाल्याचे किती? तो कुठला? त्याचं बुकिंग कुठून होतं?

तरुण: बुकिंग मुंबईहून. जागा आमच्याच भावकीतल्या माणसाची आहे.

गुरुजी: म्हणजे जागा आपली, धंदा त्याचा, आणि आपला माणूस त्याच्याकडं भांडी घासतो.

या चौकशीमागे एक कायदेशीर बाब आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकता, गहाण टाकता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. त्यासाठी सरकारी परवानगी लागते. त्यामुळे बाहेरचे भांडवल भागीदारीच्या किंवा तोंडी व्यवहाराच्या वाटेने आत शिरते. तोंडी व्यवहारात जमीनमालकाच्या हातात कागद राहत नाही आणि हंगाम वाईट गेला तर त्याला विचारणारे कुणी नसते. पर्यटनातून गावात पैसा येतो हे खरेच आहे, पण किती पैसा गावात थांबतो हा वेगळा प्रश्न आहे. वाटाड्या, घरगुती जेवण, घरातली एखादी खोली आणि गाड्या लावायची जागा यांचा पैसा थेट हातात पडतो. पॅकेजच्या पैशाची वाटणी शहरातच उरकलेली असते.

दुसरीकडे, गुरुजींच्या पिढीला ज्या जुन्या उत्पन्नाची आठवण आहे ते फारसे भरवशाचे कधीच नव्हते. भात एकच पीक, वरकस उतारावर नागली आणि वरई, उन्हाळ्यात बाळहिरडा. हिरड्याची कोवळी फळे झोडून, वाळवून आदिवासी विकास महामंडळाला किंवा व्यापाऱ्याला विकायची, आणि भाव काय मिळेल ते त्या वर्षावर. या हिशेबापुढे तंबूचा धंदा उजवा ठरतो, हे मान्य केल्याशिवाय वाद पुढे सरकत नाही. गुरुजी ते मान्य करतात. त्यांचा खरा आक्षेप काजव्यांपासून सुरू होतो.

मे महिना सरत आला, वळवाचे दोन-चार पाऊस झाले की भंडारदरा, मुतखेल, रतनवाडी, उडदावणे, घाटघर या भागात काजवे निघतात. मोसमी पाऊस जोर धरेपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, हा खेळ चालतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा ठरावीक झाडांवर ते हजारोंनी जमतात आणि आख्खे झाड एका तालात उजळते व विझते. हे पाहायला काजवा महोत्सवाच्या नावाखाली राज्यभरातून लोक येतात. त्या शनिवार-रविवारी शेंडीच्या नाक्यापासून गाड्यांची रांग लागते आणि अंधार पाहायला आलेली माणसे एकमेकांच्या गाड्यांच्या उजेडात उभी राहतात.

काजवा हा भुंग्यांच्या कुळातला कीटक आहे. त्याच्या पोटाच्या शेवटच्या वळ्यांत ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की उजेड पडतो. या क्रियेत उष्णता जवळजवळ निर्माण होत नाही. काजव्याचे बहुतेक आयुष्य अळी म्हणून जमिनीत, पालापाचोळ्याखाली, गोगलगाई आणि किडे खाण्यात जाते. पंख फुटल्यावर त्याच्या वाट्याला थोडे आठवडेच येतात आणि ते सगळे जोडीदार शोधण्यात खर्च होतात. नर उडत किंवा झाडावर बसून लुकलुकतो. मादी बहुधा खाली असते, गवताच्या पात्यावर किंवा झुडपात. तिला ओळखीची लय दिसली की ती मंद उजेडाने उत्तर देते. त्या उत्तराच्या दिशेने नर उतरतो. मीलनानंतर मादी ओल्या मातीत अंडी घालते आणि पुढच्या वर्षीचे काजवे तिथून येतात.

पर्यटकाची नजर झाडावर असते आणि पाय गवतात. सगळा घोळ इथेच होतो.

गुरुजी: तू पाहुण्यांना काजवा कशासाठी चमकतो ते सांगतोस ना?

तरुण: सांगतो. जोडीदाराला बोलावतो.

गुरुजी: मग त्याच्या लग्नात आपण हेडलाइट लावून उभे राहतो, हेही सांगत जा. ती मादी केवढा उजेड देते? त्यात गाडीचा दिवा पडला की तिचं उत्तर नराला दिसतच नाही. बरं, ती असते गवतात. तिथंच पाहुणे रील काढायला उभे.

तरुण: फ्लॅश मारू देत नाही मी. बाटलीत काजवे भरणाऱ्याला मी स्वतः हाकललंय. पण रस्ता सरकारनं रानातूनच नेलाय. गाडी रस्त्यावरून येणार, दिवा लावूनच येणार. त्यात माझी काय चूक?

गुरुजी: चूक तुझी नाही म्हणतोय. पण तीन आठवडे तो रस्ता रात्री बंद ठेवायला तू तयार आहेस का?

तरुण: त्याच तीन आठवड्यांत माझं पावसाळ्याचं बी-बियाणं आणि पोरांच्या शाळेचं भागतं, गुरुजी. जूनमध्ये दुसरा पैसा कुठला? रस्ता बंद म्हणजे आमचं घर बंद.

वन्यजीव विभागाने अलीकडच्या वर्षांत या काळासाठी नियम केले आहेत. रात्री ठरावीक वेळेनंतर प्रवेश बंद, मद्य आणि प्लॅस्टिकला मनाई, गाणी-गोंगाटाला मनाई, फ्लॅश वापरू नये, झाडाजवळ जाऊ नये, वाटाड्या सोबत घ्यावा. नियम चांगले आहेत. अडचण अशी की एका रात्रीत किती गाड्या आत घ्यायच्या, या प्रश्नाला ते सरळ भिडत नाहीत. शंभर शिस्तीतल्या गाड्यांचे दिवेसुद्धा दिवेच असतात. महोत्सव हा शब्द लावला की आकडा वाढणे हेच यश मानले जाते, आणि काजव्यांच्या बाबतीत नेमके तेच नुकसान आहे.

यावर तरुण एक तोडगा सुचवतो. पाहुण्यांच्या गाड्या शेंडीत आणि घाटावरच्या मोकळ्या जागांत थांबवायच्या. पुढे गावच्या मोजक्या जीप त्यांना गावाच्या शिवेपर्यंत नेतील. तिथून वाटाड्याबरोबर चालत, ठरलेल्या पायवाटेनेच जायचे. बॅटरीला लाल कागद लावायचा, कारण काजव्यांना लाल उजेड फारसा जाणवत नाही. जीपवाल्याला भाडे, वाटाड्याला त्याची मजुरी आणि गाडी लावायच्या जागेचे पैसे गावाला. गुरुजींना हे पटते, पण अर्धेच. त्यांच्या मते दर वर्षी काही झाडांच्या जागा पूर्ण मोकळ्या सोडल्या पाहिजेत, तिथे वाटाड्यानेही पाऊल टाकू नये. दोघांच्या म्हणण्यात फार अंतर उरत नाही. आजच्या व्यवस्थेत मात्र दोघांपैकी कुणाचेच म्हणणे पुरते उतरलेले नाही.

हरिश्चंद्रगडावर वाद वेगळ्या अंगाने जातो. गडावर हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ आणि पुष्करणी आहे. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. तिच्यात कंबरभर थंड पाण्यात मोठे शिवलिंग असून भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. पश्चिमेला कोकणकडा. हजार फुटांहून जास्त उंचीचा हा कडा आतल्या बाजूला वळलेला आहे. पावसाळ्यात इथे कधी पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसते. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्याची नोंद केली आहे. गडावर यायच्या वाटा तीन जिल्ह्यांतून आहेत: अकोल्याकडून पाचनई, पुण्याकडून खिरेश्वर, ठाण्याकडून बेलपाड्याची नळीची वाट. पाचनईची सर्वांत सोपी, त्यामुळे सर्वांत गर्दीची. एकाच गडाला तीन जिल्ह्यांची दारे असल्यामुळे एका नाक्यावर आकडा धरून ठेवला तरी बाकीची दारे उघडीच राहतात.

गुरुजी: दिवसा येऊन उतरून जाणाऱ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण मुक्कामाशी आहे. कोकणकड्यावर रांगेनं तंबू लागतात. तेवढी माणसं सकाळी जातात कुठं? गडावर ना संडास, ना वाहतं पाणी. जे काही होतं ते पावसात टाक्यांत आणि ओढ्यात उतरतं. तेच पाणी तुम्ही पिता.

तरुण: गडावर पाचनईच्या लोकांच्या झोपड्या आहेत, गुरुजी. पिठलं-भाकरी, चहा. मुक्काम बंद केला तर रात्रीचं जेवण गेलं, सकाळचा नाश्ता गेला. नुसत्या लिंबू सरबतावर घर चालतं का? आणि कचरा म्हणाल तर खाली पोती भरून आणतात ती आमचीच पोरं आणि ट्रेकवाल्यांची मंडळी.

गुरुजी: पोती आणतात, खरं आहे. पण शेकोटीला तोडलेली कारवी कोण परत आणतो?

कारवीचा मुद्दा बारकाईने पाहण्याजोगा आहे. ही झुडपे सात-आठ वर्षे नुसती वाढतात. मग एका वर्षी सगळी एकदम फुलतात, उतार जांभळे होतात, बी धरते आणि झुडपे मरून जातात. पुढची पिढी त्या बियांतूनच येते. म्हणजे फुलायच्या आधी तोडलेले खोड हे आख्ख्या पिढीचे बी असते. इथल्या घरांच्या कुडासाठी कारवी पूर्वापार वापरात आहे, पण ती तोड मोजकी असते आणि जाणती माणसे ती करतात. शेकोटीची तोड जिथे तंबू तिथे, वर्षानुवर्षे त्याच उतारावर होते. त्या उताराची माती पुढच्या पावसात खाली जाते. अभयारण्यात आग लावायला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, पण कड्यावर मध्यरात्री ती पाहायला कोण जाणार?

इथे गुरुजींची बाजू जड वाटते. भाकरीचा धंदा दिवसाही होऊ शकतो, पठारावरचा मुक्काम मात्र जागेला झेपत नाही. मुक्काम पायथ्याच्या पाचनईत हलवला तर जेवण, झोपायची जागा आणि पहाटेचा वाटाड्या असे तिन्ही पैसे गावातच राहतात. तरुणाला हे हिशेबाने पटते, मनाने नाही. ‘कोकणकड्यावरचा सूर्यास्त पाहून पाहुणे अंधारात उतरणार का?’ हा त्याचा सवाल रास्त आहे आणि त्याला चटकन उत्तर नाही.

साम्रदजवळची सांदण दरी याच्या अगदी उलट. तिथे मतभेदाला जागाच नाही. जमिनीला पडलेल्या या अरुंद भेगेत बऱ्याच ठिकाणी ऊन तळापर्यंत पोचत नाही. वाटेत पाण्याचे डोह लागतात, पुढे दोरांनी उतरत ठाणे जिल्ह्यातल्या डेहणेकडे जाता येते. वरच्या पठारावर सर आली की थोड्या वेळात दरीत लोंढा येतो आणि दोन्ही बाजूंना चढून जायला वाट नसते. पावसाळ्यात ती बंदच ठेवतात. वाटाड्याशिवाय तिथे कुणाला सोडू नये, यावर दोघेही ठाम आहेत. तरुण तर म्हणतो, पाणी असताना आत जाण्याचा हट्ट धरणाऱ्या पाहुण्याचे पैसे परत देणे परवडते.

मग गाडी पाण्याच्या प्रश्नाकडे वळते. तो मुळात पर्यटनाचा प्रश्न नाही, पण या भागात कोणत्याही वादाच्या तळाशी तोच सापडतो. भंडारदऱ्याची साठवण क्षमता अकरा अब्ज घनफुटांची. पंधरा ऑगस्टच्या सुमारास धरण भरले की खाली लाभक्षेत्रात आनंद होतो. प्रवरेचे पाणी निळवंड्यात आणि पुढे ओझर बंधाऱ्यावरून कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जाते. या कालव्यांवर उसाचे अर्थकारण उभे राहिले आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर लोणीला सहकारी तत्त्वावरचा राज्यातला पहिला साखर कारखाना निघाला. वर घाटघरला 250 मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. मागणी कमी असताना कोकणातल्या खालच्या धरणातले पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की ते सोडून वीज करायची, असे त्याचे काम चालते.

तरुण: पाऊस आमच्या डोंगरात, धरण आमच्या पणजोबांच्या जमिनीत, वीज आमच्या उशाला. आणि एप्रिलमध्ये आमच्या बाया डोक्यावर हंडा घेऊन चालतात. उसाला पाणी जातं तेव्हा पर्यावरण कुणी काढत नाही. मी काठावर दहा तंबू लावले की लगेच अभयारण्य आठवतं.

गुरुजी: हे तू खरं बोललास. मी त्याला उत्तर देणार नाही.

तरुण: मग काठावर तंबू चालतील?

गुरुजी: नाही. पाणी आपल्याला मिळत नाही, हे ते घाण करायचं कारण होत नाही. खाली संगमनेरपासून माणसं हेच पाणी पितात.

तक्रार खरी आहे, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष लंगडा आहे. जलाशयाच्या काठावर पाण्याची रेषा उन्हाळाभर मागे सरकत जाते आणि तंबू तिच्या मागोमाग ओल्या गाळावर उतरतात. तिथे टाकलेले सगळे जुलैमध्ये पाण्याखाली जाते. तंबू भरतीच्या रेषेपासून बरेच वर, गावाच्या शेतात लागले तर दृश्यात थोडा फरक पडेल, धंद्यात फारसा नाही. शिवाय शेतजमीन गावकऱ्याच्या नावावर असते, आणि हेच वरच्या भागीदारीच्या दुखण्यावरचे औषधही ठरू शकते. उन्हाळ्यात गावाला पाणी पुरवणे हे मात्र शासनाचे काम आहे. ते पर्यटनाच्या पैशातून भागवावे, असे सुचवणे म्हणजे जबाबदारी ढकलणे.

राहिला कायदा. अभयारण्यात प्रवेश हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीचा विषय आहे, आणि परवानगी कशासाठी द्यावी या यादीत पर्यटनाचा उल्लेख आहे. त्यामुळे कायदा पर्यटकाला हाकलत नाही, पण आत येणे हा त्याचा हक्कही मानत नाही. अकोल्याचा हा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला स्थानिक साधनसंपत्तीबाबत बोलायचा अधिकार आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्कांची वाटही खुली केली आहे. प्रवेशशुल्काची वसुली गावोगावच्या ग्राम परिस्थितिकी विकास समित्यांमार्फत होते. म्हणजे कागदावर सगळे आहे.

तुलनेसाठी साताऱ्याजवळच्या कास पठाराकडे पाहता येईल. कास 2012 साली जागतिक वारसास्थळांत गेले. सह्याद्रीतल्या त्या यादीत महाराष्ट्राची कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार ठिकाणे आहेत, कळसूबाई-हरिश्चंद्रगड नाही. फुलांच्या हंगामात कासला दिवसाला किती माणसे घ्यायची याचा आकडा ठरवला, आगाऊ नोंदणी सुरू केली आणि आसपासच्या गावांच्या संयुक्त समितीकडे काम दिले. तिथल्या कुंपणावरून बरीच भांडणे झाली, पण मर्यादेचे तत्त्व टिकले. मात्र कास म्हणजे एक पठार आणि त्याला येणारा एक मुख्य रस्ता. भंडारदऱ्याला गावे आहेत, त्या गावांतून जाणारी एसटी आहे, सोयरे-धायरे आहेत. कासची नक्कल इथे जशीच्या तशी बसणार नाही.

तरुण: मर्यादा घाला म्हणता, पण घालणार कोण? नाशिकला बसलेला साहेब आकडा ठरवणार आणि नाक्यावर शिव्या आम्ही खाणार.

गुरुजी: म्हणून तर ग्रामसभेनं ठरवावा म्हणतोय. कुठल्या गावात एका रात्री किती गाड्या, कुठली झाडं सोडायची, गडावर कुणी झोपायचं.

तरुण: ग्रामसभेत माझ्यासारखे तंबूवालेच जास्त बोलतात.

गुरुजी: आणि ज्यांच्याकडं तंबू नाहीत, त्या बाया?

तरुण: त्या मागं बसतात.

सगळ्या वादातला नाजूक सांधा हाच आहे. गाव म्हणजे एक मत नव्हे. तंबूवाल्याला गर्दी हवी असते. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याला भाताच्या रोपांत शिरणाऱ्या गाड्या नको असतात. हिरडा गोळा करणारीला रान शांत हवे असते, आणि तळीरामांच्या टोळ्यांनी संध्याकाळी वाट अडवल्याचा त्रास सर्वांत आधी बायका-मुलींना होतो. पंधरा ऑगस्टची जोडून आलेली सुट्टी, काजव्यांचे तीन आठवडे आणि 31 डिसेंबरची रात्र एवढे दिवस सोडले तर वर्षातला बराच काळ इथे गर्दी नसतेच. शनिवारी जागा मिळत नाही आणि मंगळवारी वाटाड्या रिकामा बसतो. दोन्ही बाजू पर्यटन असावे की नसावे यावर भांडतात, तेव्हा ज्या वीस-पंचवीस रात्री खरोखर मोडतात त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. त्या रात्रींचा आकडा खाली आणला आणि बाकीच्या दिवसांचा वर नेला, तर गुरुजींचे रान आणि तरुणाचे उत्पन्न यांत आज वाटते तितके हाडवैर राहणार नाही. त्यासाठी आठवड्यातले मधले दिवस, थंडीतले गडभ्रमण, रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचे कोरीव काम, भातकापणीचे दिवस आणि कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्यांनी जपलेली देशी वाणे हेही पाहण्याजोगे आहे, असे पाहुण्याला आधी सांगावे लागेल. आज त्याला धबधबा आणि काजवा एवढेच सांगितले जाते.

तरुण: समजा मंगळवारचे पाहुणे वाढले. शनिवारचा आकडा कळणार कसा? मोजायचं कुणी?

गुरुजी: नाक्यावर पावती फाडतातच की. प्रत्येक पावतीवर तारीख असते. रात्रीप्रमाणं बेरीज करायची आणि ग्रामसभेत वाचून दाखवायची. आधी आकडा वाचू, मग भांडू.

तरुण: मे महिन्याच्या ग्रामसभेत?

गुरुजी: एप्रिलच्या. मे महिन्यात तुझं बुकिंग झालेलं असतं.